न आलेल्या खेळाचा इतिहास

१० जून २०१८. लॉस एंजेलिसमध्ये बेथेस्डा कंपनीचा कार्यक्रम संपत आला होता. 'फॉलआउट ७६' दाखवून झाला होता, 'स्टारफील्ड' या अंतराळावरच्या नव्या खेळाची झलक देऊन झाली होती. मग दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी जाता जाता आणखी एक टीझर लावला, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. कॅमेरा धुक्यातून पुढे सरकतो. खाली उघडेबोडके खडकाळ डोंगर, कुठे विरळ हिरवळ, पलीकडे वळणदार किनारा आणि पाणी. मागे मालिकेतल्या 'मॉरोविंड' या जुन्या खेळापासून चाहत्यांच्या कानात बसलेली धून. शेवटी नाव उमटतं: 'द एल्डर स्क्रोल्स ६'. उपशीर्षक नाही, तारीख नाही, एकही माणूस दिसत नाही.

हे लिहीत असताना हा खेळ बाजारात आलेला नाही. पूर्वतयारी संपून प्रत्यक्ष निर्मिती सुरू झाल्याचं कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं. मार्च २०२४ मध्ये 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेला ३० वर्षं झाली, तेव्हा स्टुडिओतली मंडळी खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्त्या खेळून पाहत असल्याचं कळलं. कंपनीकडून मिळालेली ठोस माहिती जवळजवळ इथेच संपते. पण टीझरच्या त्याच रात्री लोक जुने नकाशे उघडून किनाऱ्याची वळणं जुळवू लागले होते, आणि तेव्हापासून हे काम थांबलेलं नाही. खेळ कोणत्या प्रांतात घडेल, तिथे कुणाचं राज्य असेल, आधीच्या खेळातल्या युद्धात कोण जिंकलं असं धरलं जाईल, खलनायक कोण असेल, या प्रत्येक प्रश्नावर थिअरी मांडल्या गेल्या, खोडल्या गेल्या, पुन्हा मांडल्या गेल्या.

यातल्या चांगल्या थिअरींना मी इतिहासलेखनाच्या रांगेत बसवतो. त्यांत साधनं गोळा केली जातात, कोणतं साधन कुणी आणि कुणाच्या बाजूने लिहिलं हे विचारलं जातं, दोन साधनांत विसंगती आली तर ती का आली याचा शोध घेतला जातो. वाईट थिअरींचा भरणाही पुष्कळ आहे. दोन्ही कशा ओळखायच्या, हे या एका खेळाच्या उदाहरणावरून फार स्वच्छ दिसतं.

आधी भूगोल. मालिकेतल्या खंडाचं नाव टॅमरिएल, त्याचे नऊ प्रांत. १९९४ चा 'अरीना' सगळ्या खंडभर फिरतो. १९९६ चा 'डॅगरफॉल' वायव्येच्या इलियाक उपसागराभोवती घडतो. २००२ चा 'मॉरोविंड' पूर्वेच्या ज्वालामुखी प्रदेशात, २००६ चा 'ऑब्लिव्हियन' मधल्या सिरोडिल प्रांतात, २०११ चा 'स्कायरिम' उत्तरेच्या बर्फात. मुख्य मालिकेने अजून नीट हाताळले नाहीत असे प्रांत बरेच उरतात: दक्षिणेची दलदल, मांजरमानवांचा एल्सवेअर, वनवासी एल्फांचं व्हॅलनवूड, उच्चकुलीन एल्फांची समरसेट बेटं आणि पश्चिमेचं वाळवंटी हॅमरफेल. टीझरमध्ये घनदाट जंगल नाही, दलदल नाही, स्कायरिमसारखा बर्फही नाही. कोरडे डोंगर आणि समुद्र एवढंच आहे. त्यावरून बहुतेकांनी हॅमरफेल आणि त्याच्या शेजारचं हाय रॉक, म्हणजे पुन्हा इलियाक उपसागराचा परिसर, असा निष्कर्ष काढला. यावर एक आक्षेप लगेच येतो: हा परिसर १९९६ मध्येच होऊन गेला की! पण डॅगरफॉलचा अफाट प्रदेश मुख्यतः संगणकीय सूत्रांनी निर्माण केलेला होता. हजारो गावं, आणि ती एकमेकांसारखीच. हाताने घडवलेलं हॅमरफेल अजून मुख्य मालिकेत कुणी पाहिलेलं नाही. म्हणून मला हा आक्षेप लंगडा वाटतो.

टीझरवर याहून जास्त भार टाकू नये. खेळ तयार होण्याच्या कितीतरी वर्षं आधी केलेल्या अर्ध्या मिनिटाच्या दृश्यातला डोंगर प्रत्यक्ष खेळात असेलच याची खात्री नसते. तरीही तिथल्या खडकांच्या सावल्यांत तटबंदी पाहणारे आणि तिच्यावरून शहराचं नाव सांगणारे लोक आहेत. तीच गत ३१ डिसेंबर २०२० च्या फोटोची. मालिकेच्या अधिकृत खात्यावरून नववर्षाच्या शुभेच्छा आल्या, सोबत स्कायरिमचा नकाशा आणि मेणबत्त्या. मेणबत्ती कुठे ठेवली आहे यावरून लोकांनी हॅमरफेलकडे बोट दाखवलं. पुढे २०२१ च्या स्टारफील्डच्या टीझरमध्ये यानाच्या आतल्या भागावर एक ओरखडा दिसला, त्यातही उपसागराची किनाररेषा सापडली. या गोष्टी खऱ्या निघाल्या तरी त्यांतून कथेबद्दल काहीच कळत नाही.

चुकलेल्या थिअरीचा सर्वांत चांगला नमुना मात्र 'रेडफॉल'चा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे टीझरनंतर तीन महिन्यांत, बेथेस्डाच्या मालक कंपनीने 'रेडफॉल' या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. हॅमरफेलच्या लोकांना रेडगार्ड म्हणतात. हॅमरफेल, डॅगरफॉल ही नावं समोर होतीच. 'द एल्डर स्क्रोल्स ६: रेडफॉल' हे शीर्षक लोकांनी इतकं पक्कं धरलं की त्यावरून कथानकही तयार झालं: रेडगार्डांच्या राज्याचा पाडाव. त्या नावावरून एका विज्ञानकथा-मालिकेच्या बाजूने हरकतही आली आणि २०१९ च्या सुरुवातीला तो वाद मिटला. एवढा खटाटोप करून नाव राखलं म्हणजे ते मोठ्याच खेळाचं असणार, असंही लोक म्हणाले. जून २०२१ मध्ये उलगडा झाला. 'रेडफॉल' हा त्याच घराण्यातल्या अर्केन स्टुडिओचा वेगळाच खेळ निघाला. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचं काल्पनिक गाव आणि तिथे व्हॅम्पायरांचा सुळसुळाट. २ मे २०२३ ला तो आला.

या थिअरीत एकही पुरावा खोटा नव्हता. ट्रेडमार्क खरा, तारीख खरी, नावांतलं साम्यही खरं. फक्त हे सगळे पुरावे खेळाच्या जगाबाहेरचे होते. कंपनीच्या कागदपत्रांतून कंपनीच्या योजना कळतात. टॅमरिएलमध्ये पुढे काय घडेल हे कळायला टॅमरिएलच्याच कागदपत्रांत शिरावं लागतं.

आणि ती कागदपत्रं विलक्षण आहेत. या मालिकेच्या खेळांमध्ये शेकडो पुस्तकं विखुरलेली असतात: खानावळीत, तुरुंगात, मेलेल्या जादूगाराच्या टेबलावर. प्रत्येकाला काल्पनिक लेखक आहे, त्या लेखकाला जात-प्रांत-पक्ष आहे, आणि तो बऱ्याचदा चुकतो किंवा खोटं बोलतो. या पद्धतीचं मोठं श्रेय १९९८ च्या 'रेडगार्ड' या खेळाला द्यायला हवं. टॉड हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखाली झालेला हा खेळ हॅमरफेलच्याच दक्षिणेकडच्या एका बेटावर घडतो. त्याच्या खोक्यात साम्राज्याची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका होती. ती साम्राज्याच्या सरकारी सुरात लिहिलेली, आणि समासात साम्राज्याच्या विरोधकाचे खवचट शेरे. वाचकाला पहिल्या पानापासून सांगितलेलं असतं की समोरच्या मजकुरावर विश्वास ठेवू नकोस.

त्याच पुस्तिकेत सिरोडिलचं वर्णन घनदाट जंगल असं होतं. आठ वर्षांनी 'ऑब्लिव्हियन' आला तेव्हा तिथे सौम्य हवामानाची वनं आणि कुरणं होती. चाहते चिडले. काहींनी ती चूक मानून सोडून दिली, काहींनी तिचा अर्थ लावायला घेतला. पुढे खेळांनीच दोन उत्तरं दिली. 'स्कायरिम'मध्ये व्हाइटरन शहराच्या चौकात देव मानल्या गेलेल्या सम्राट टॅलोसचा एक पुजारी ओरडून प्रवचन करत असतो. त्याच्या बोलण्यातून कळतं की टॅलोसने आपल्या शक्तीने जंगलाचं रूप पालटलं. मालिकेच्या २०१४ च्या ऑनलाइन खेळात एका पंडित बाईंचं पुस्तक सापडतं. त्यांच्या मते जंगलाचा उल्लेख ही जुनी नक्कल करतानाची चूक आहे. एक उत्तर भक्ताचं, दुसरं अभ्यासकाचं. निर्मात्यांनी निकाल दिलेला नाही आणि तो देऊही नये असं मला वाटतं.

आता हॅमरफेलकडे वळू. टीझर, मेणबत्ती, ओरखडा सगळं बाजूला ठेवलं तरी पुढची कथा तिकडे जावी असं 'स्कायरिम'चा इतिहासच सुचवतो. चौथ्या युगाच्या १७१ व्या वर्षी एल्फांच्या आल्डमेरी डॉमिनियनने माणसांच्या साम्राज्यावर हल्ला केला. हॅमरफेलचा दक्षिण किनारा भराभर पडला, हेगाथेसारखं एखादं शहर टिकून राहिलं. चार वर्षांनी राजधानी परत मिळवूनही दमलेल्या सम्राट दुसऱ्या टायटस मीडने तह केला. टॅलोसची उपासना बंद करायची आणि दक्षिण हॅमरफेल डॉमिनियनला द्यायचं, अशा अटी होत्या. रेडगार्डांनी तह धुडकावला. तह वाचवण्यासाठी सम्राटाने हॅमरफेललाच साम्राज्याबाहेर काढलं. रेडगार्ड एकटे आणखी पाच वर्षं लढले, दक्षिण उद्ध्वस्त झाली, पण १८० मध्ये स्ट्रॉस म'काय इथे दुसरा तह होऊन डॉमिनियनला माघार घ्यावी लागली. 'स्कायरिम' २०१ मध्ये घडतो. म्हणजे संपूर्ण खंडात डॉमिनियनला रोखून दाखवलेला एकमेव माणसांचा देश हॅमरफेल आहे, तो स्वतंत्र आहे, साम्राज्यावर रुष्ट आहे, आणि मुख्य मालिकेने त्याच्या बाजूची कहाणी अजून सांगितलेली नाही. कथाकाराला याहून चांगली जमीन कुठे मिळेल?

हा इतिहास आपल्याला मुख्यतः साम्राज्याच्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या पुस्तकातून कळतो, हे चाहत्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. या अधिकाऱ्याने एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. हॅमरफेलमधलं सैन्य राजधानीकडे परत बोलावलं गेलं तेव्हा सेनापती डेसियानसला रेडगार्डांना उघड्यावर टाकणं जिवावर आलं. त्याने पुष्कळ सैनिकांना अपंग, आजारी ठरवून सेवेतून मोकळं केलं. हेच 'आजारी' पुढे हॅमरफेलच्या फौजेचा कणा झाले आणि त्यांनी शत्रूला अलिकर वाळवंटापलीकडे रेटलं. यावरून एक थिअरी निघाली: साम्राज्याने हॅमरफेलला टाकलं हे नाटक होतं, आतून मदत चालू होती, आणि पुढच्या खेळात हे उघड होईल. थिअरी देखणी आहे. पण पुरावा एका सेनापतीचा आहे, सम्राटाचा नाही, आणि तोही तहाच्या आधीचा. शिवाय सांगणारा साम्राज्याचा नोकर. आपल्या सैन्याने मित्रांना दगा दिला नाही हे सांगण्यात त्याचा स्वार्थ आहे. रेडगार्डांचं म्हणणं तो शेवटी देतो: सम्राटाने धीर धरला असता तर सगळे मिळून जिंकले असते. मात्र लगेच, हे कधीच कळणार नाही, असं म्हणून प्रकरण मिटवतो. हॅमरफेलमध्ये बसून एखाद्या रेडगार्डाने हेच युद्ध लिहिलं तर ते किती निराळं असेल याचा विचार करून पाहा.

या युद्धाची सावली पडलेलं 'स्कायरिम'मधलं एक साधं प्रकरण मला संपूर्ण मालिकेतलं सर्वांत चतुर लेखन वाटतं. व्हाइटरनच्या खानावळीत सादिया नावाची रेडगार्ड बाई काम करते. अलिकर योद्धे तिला शोधत आलेले असतात. ती सांगते, मी डॉमिनियनविरुद्ध बोलले म्हणून हे मारेकरी माझ्या मागे लागले आहेत. योद्ध्यांचा म्होरक्या केमाटू सांगतो, हिनेच टॅनेथ शहर डॉमिनियनला विकलं. खेळाडूने एकाची बाजू घ्यायची असते. घेतल्यावरही खरं कोण ते खेळ सांगत नाही.

चाहत्यांनी या दोन जबान्या अक्षरशः कोर्टात उभ्या केल्या आहेत. केमाटूच्या बाजूचे विचारतात: जो देश डॉमिनियनशी लढून स्वतंत्र झाला, तिथले योद्धे डॉमिनियनच्या विरोधकाला का मारतील? सादियाच्या बाजूचे कालगणना काढतात. टॅनेथ पडलं असेल तर युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत. म्हणजे 'स्कायरिम'च्या जवळपास तीस वर्षं आधी. सादिया दिसते त्या वयाची असेल तर तेव्हा ती लहान मूल असायला हवी. मग शहर विकलं कुणी, तिने की तिच्या घराण्याने? घराण्याच्या पापासाठी ती पळते आहे का? इथे थिअरी एका बाईच्या प्रकरणातून उठून हॅमरफेलमधल्या सरदार घराण्यांच्या राजकारणाकडे जाते. पुढच्या खेळात टॅनेथ असेल तर हा प्रश्न तिथे टांगलेला असायला हवा. मला ही थिअरी मनापासून आवडते. हिचा प्रत्येक धागा खेळातच आहे, आणि विचारलेला प्रश्नही माणसांबद्दलचा आहे.

याहून भव्य थिअरी मनोऱ्यांची. चाहत्यांच्या मते टॅमरिएलचं जग काही प्राचीन मनोऱ्यांच्या आधाराने स्थिर राहिलं आहे, आणि डॉमिनियनवर राज्य करणारे थॅलमोर ते एकेक पाडून सृष्टीच मोडू पाहत आहेत. थॅलमोरचा हा हेतू मुख्यतः माजी लेखक मायकेल कर्कब्राइड यांनी खेळाबाहेर लिहिलेल्या मजकुरावर उभा आहे, त्यामुळे मी तो पुराव्यात धरत नाही. मात्र थिअरीचा दुसरा अर्धा भाग 'स्कायरिम'मध्येच कोरलेला आहे. जगभक्षक ड्रॅगनच्या पुनरागमनाचं तिथलं भाकीत पाच घटना सांगते आणि त्या क्रमाने पाचही खेळांशी जुळतात: 'अरीना'तली अनागोंदी, 'डॅगरफॉल'मधला चालता पितळी मनोरा, 'मॉरोविंड'मधला हादरलेला लाल मनोरा, 'ऑब्लिव्हियन'मधला पडलेला पांढरा मनोरा, आणि स्कायरिमचा रक्तबंबाळ हिममनोरा. मालिकेने स्वतःच आपला इतिहास मनोऱ्यांवर मोजला आहे. आता नकाशा पाहा. सर्वांत प्राचीन मानला जाणारा अ‍ॅडमंटाइन मनोरा इलियाक उपसागरातल्या बाल्फिएरा बेटावर उभा आहे, आणि तो शाबूत आहे. टीझरमधल्या कोरड्या डोंगरांपेक्षा मला ही गोष्ट कितीतरी वजनदार वाटते.

थॅलमोरना नक्की काय हवं आहे, याबद्दल 'स्कायरिम'मध्ये एक नेमका कागद आहे. त्यांच्या वकिलातीतल्या फायलीत लिहिलेलं सापडतं की स्कायरिममधल्या नॉर्ड लोकांच्या यादवी युद्धात साम्राज्याविरुद्धच्या बंडखोरांचा विजयही टाळायचा आहे, युद्ध चालू राहण्यातच फायदा आहे. माणसांना आपसांत झुंजवत ठेवणं एवढं या कागदाने सिद्ध होतं. सृष्टी मोडायची इच्छा सिद्ध होत नाही. हॅमरफेलमध्येही दोन जुने पक्ष आहेत: परंपरेला धरून राहणारे क्राउन आणि साम्राज्याशी जुळवून घेणारे फोरबेअर. थॅलमोरचा स्कायरिममधला डाव तिथेही चालेल, हा अंदाज मला मनोऱ्यांच्या प्रलयापेक्षा जास्त संभाव्य वाटतो.

आणखी एक अडचण प्रत्येक थिअरीला सोडवावी लागते. 'स्कायरिम'मध्ये यादवी कुणी जिंकायची हे खेळाडू ठरवतो. मग पुढच्या खेळात सिंहासनावर कोण? 'डॅगरफॉल'मध्ये असाच पेच होता, कारण त्याला एकमेकांना छेदणारे अनेक शेवट होते. पुढच्या खेळांनी थक्क करणारं उत्तर दिलं: काळच फुटला, सगळे शेवट एकाच वेळी घडले, आणि उपसागराभोवतीच्या असंख्य चिमुकल्या राज्यांच्या जागी चार राज्यं उरली. हेच पुन्हा होईल असं मानणारे बरेच आहेत. मला तसं वाटत नाही. इतका मोठा चमत्कार दोनदा वापरला की त्याचं मोल जातं. निर्मात्यांची नेहमीची सवय साधी आहे: मागचा शेवट मोघम ठेवायचा. 'मॉरोविंड'चा नायक समुद्रापार अकाविर खंडाकडे गेल्याची अफवा 'ऑब्लिव्हियन'मध्ये ऐकू येते. 'ऑब्लिव्हियन' आणि 'स्कायरिम'मध्ये तर दोनशे वर्षांचं अंतर टाकलं. हॅमरफेल स्वतंत्र असल्याने तिथे स्कायरिमच्या गादीबद्दल मोघम बोलून चालेल. हॅमरफेलमधल्या सेंटिनेल शहराच्या बाजारातला व्यापारी दूरच्या नॉर्डांच्या भांडणाबद्दल दोन उलटसुलट बातम्या सांगेल आणि खेळाडू पुढे जाईल.

जहाजांची थिअरी थोडक्यात. २०२३ च्या स्टारफील्डमध्ये स्वतःचं यान बांधता येतं. तेच तंत्र समुद्रावर आणून उपसागरात स्वतःचं जहाज हाकता येईल, अशी अनेकांची आशा आहे. रेडगार्डांचे पूर्वज बुडालेल्या योकुडा खंडातून समुद्रमार्गेच आले होते, तेव्हा कथेलाही ते शोभेल. पुरावा मात्र काही नाही.

माझी पैज हॅमरफेलवर आहे, सोबत उपसागराचा किनारा आणि कुठेतरी तो मनोरा. खेळ हाती आला की मी आधी सेंटिनेलमधलं पुस्तकाचं दुकान शोधणार आहे. तिथे डॉमिनियनशी झालेल्या त्या युद्धावर रेडगार्डाने लिहिलेलं पुस्तक असायलाच हवं, आणि डेसियानसने आजारी ठरवून मागे ठेवलेल्या त्या सैनिकांबद्दल त्यात काय लिहिलं आहे, ते मला वाचायचं आहे.